वठलेलं, कललेलं झाड ट्रॅक्टरनं पाडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला, रान मोकळं झालं, की बांधावरच्या वाळक्या झाडांकडं लक्ष जातं. दारात ट्रॅक्टर उभाच असतो, दोर गोठ्यात असतो, आणि कुणीतरी म्हणतंच, "हिसका दिला की काम झालं." मी लाकूडतोड्या नाही. शेती करतो, आणि स्वतःच्या व भावकीच्या बांधावरची पंधरावीस झाडं आजवर अशी पाडली आहेत. त्यातली दोन चुकीच्या पद्धतीनं पाडली, म्हणून हे लिहायला बसलो. झाडं म्हणजे मुख्यतः बाभूळ, लिंब, सुबाभूळ आणि एकदोन आंबे.

पाडायलाच हवं का? उभं राहिलं तर काय बिघडतं?

बऱ्याचदा काहीच बिघडत नाही. पाणंदीपासून, घरापासून, विहिरीपासून, तारांपासून लांब असलेलं वठलेलं झाड उभं राहू द्यावं. ढोलीत पिंगळा राहतो, सुतारपक्षी येतो, घुबड बसलं तर उंदरांचा बंदोबस्त होतो. पडलं तर पिकाच्या दोन सरी मोडतील, एवढंच. पाडायचं ते ज्याच्याखालून माणसं-जनावरं जातात, जे गोठ्यावर किंवा मोटरच्या खोलीवर कललंय, आणि ज्याचा कल दरवर्षी वाढतोय. कल वाढतोय का हे नजरेनं कळत नाही. बुंध्याशी उलट बाजूला जमिनीला भेग पडलीय का, माती उचललीय का, ते बघा.

वाळलेल्याच झाडाला परवानगी कशाला?

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, हिरडा, ऐन, खैर, चंदन, किंजळ, अंजन अशी झाडं येतात. ती तुमच्या मालकीच्या रानात असली तरी हात लावण्याआधी तहसील किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. झाड वाळलेलं होतं हे पाडल्यावर सिद्ध करत बसण्यापेक्षा आधी चार बाजूंनी फोटो काढून अर्ज देणं सोपं. रस्त्याकडेचं झाड तुमच्या रानावर कललं असलं तरी ते तुमचं नसतं. सामाईक बांधावरचं असेल तर शेजाऱ्याला आधी सांगा. झाडापेक्षा ते भांडण जास्त वर्षं उभं राहतं.

आतून किती कुजलंय, कसं ओळखायचं?

कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं बुंध्यावर चारही अंगांनी ठोका. भरीव लाकूड खणकन वाजतं, पोकळ असेल तर ढोलासारखा घुमतो आणि कुजलेलं असेल तर बद्द आवाज येतो. मग पहारीचं टोक जमिनीलगत टोचा. बोटभर सहज आत गेलं तर तिथं लाकूड नाही, भुसा आहे. बुंध्याला छत्र्या उगवल्या असतील तर मुळं गेलीत असं समजा. आंब्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, लागलेला असेल तर खोडाला भोकं आणि खाली भुसा दिसतो, आणि असं खोड बाहेरून धडधाकट दिसूनही मधेच मोडतं.

ठोकताना दर दोन ठोक्यांनी वर बघायचं. वाळकी फांदी अशाच वेळी सुटते. डोक्यावर बांधकामावरची टोपी घाला. ती घातल्यावर गावात हसतात, हसू द्या.

झाड गोठ्याकडं कललंय. ट्रॅक्टर उलट्या बाजूला लावून ओढलं तर तिकडं पडेल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर नाही असं आहे.

झाड कुठं पडायचं हे कलानं आधीच ठरवलेलं असतं. हिरवं झाड थोडंसं वळवता येतं, कारण कापताना मधे जी लाकडाची पट्टी सोडतो ती बिजागरीसारखी वाकते आणि झाडाला दिशा देते. वठलेल्या झाडात ही पट्टी वाकतच नाही. ती बिस्किटासारखी तुटते. तुटली की झाड पुन्हा कलाच्याच बाजूला जातं, मग दोराला ट्रॅक्टर असो की हत्ती.

वजनाचा अंदाज घ्या. बुंधा एक फूट जाड, खोड पंचवीस फूट, वाळलेली बाभूळ: नुसतं खोड साडेचारशे किलोच्या आसपास भरतं. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट. हे सगळं गोठ्याच्या बाजूला लटकलेलं असतं. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो आणि कोरड्या रानात संथ ओढीला त्याच्या निम्म्याच्या आसपास ताकद लावतो. कागदावर जमतं असं वाटतं. पण दोर तुटला, चाक घसरलं किंवा पट्टी मोडली, यातलं एक जरी झालं तरी गोठा गेला.

घरावर, गोठ्यावर कललेलं झाड वरून तुकड्यातुकड्यानं उतरवावं लागतं. ते बादली लावलेल्या क्रेनचं आणि सराईत माणसाचं काम आहे.

मग ट्रॅक्टरचा उपयोग काय?

अंतराचा. कललेल्या झाडाचा सगळ्यात वाईट क्षण म्हणजे शेवटचा काप, आणि तेव्हा करवतवाला बुंध्याला चिकटून उभा असतो. दोर लावलेला असेल तर काप थोडा अपुरा ठेवून त्यानं बाजूला व्हायचं, आणि उरलेलं काम लांबून ट्रॅक्टरनं करायचं. झाड त्याच्या कलाच्याच बाजूला पडतं. पण पडतं तेव्हा बुंध्याशी कुणी नसतं. मी ट्रॅक्टर काढतो तो एवढ्यासाठी.

ट्रॅक्टर किती लांब उभा करायचा?

झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट. ओढतो त्याच दिशेला झाड येतं हे लोक विसरतात, किंवा "तेवढ्यात पुढं पळतो" म्हणतात. वाळक्या झाडाचा शेंडा आपटून तुटतो आणि फांद्या पुढं उडत जातात, म्हणून नुसत्या उंचीएवढं अंतर पुरत नाही.

उंची मोजायला हाताएवढी काठी घ्या. हात सरळ पुढं करून काठी उभी धरा, मुठीच्या वर राहिलेली काठी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी ठेवा. आता मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागं सरका. जिथं जुळलं तिथून झाडापर्यंतची पावलं म्हणजे झाडाची उंची.

जागा नसेल तर कप्पी वापरता येते: समोरच्या जाड, जिवंत झाडाच्या बुंध्याला कप्पी बांधून दोर वळवायचा आणि ट्रॅक्टर आडव्या दिशेला उभा करायचा. मग तो पडण्याच्या रेषेतच नसतो. पण काटकोनात वळवलेल्या दोराचा कप्पीवर दीडपटीच्या जवळपास ताण येतो, म्हणून कप्पी बांधायचा पट्टा दोरापेक्षा भारी हवा. आणि दोराच्या कोनाच्या आतल्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर दोर त्याच बाजूला झेपावतो.

दोर कुठला घ्यावा? ट्रॉलीचा नायलॉनचा आहे.

नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की सगळा ताण एका क्षणात मागं येतो. आमच्या ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डला दोन बोटं मावतील एवढा पोचा आहे. विहिरीजवळची बाभूळ ओढताना दोर गाठीजवळ तुटला आणि टोकाचा हूक येऊन तिथं बसला. मागच्या लाल दिव्याची काच फुटली. माझी मान तिथून हातभर अंतरावर होती. दोर जुना होता, दोन वर्षं उन्हात पडलेला, आणि मधे गाठ मारून जोडलेला. गाठ मारली की दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नवा १२ मिलीचा पॉलिप्रॉपिलीन दोर, म्हणजे दुकानात मिळतो तो साधा प्लास्टिकचा, सुमारे दोन टनांना तुटतो. तुटण्याच्या ताकदीचा पाचवा हिस्सा एवढाच ताण त्यावर धरायचा असतो, म्हणजे चारशे किलो. त्यानं झाड ओढायचं नाही. १२ मिलीची तारेची वायर रोप सातआठ टनांच्या पुढं जाते आणि फारशी लांबत नाही, म्हणून मी तीच वापरतो. हातमोजे घालूनच धरा, तुटकी तार तळहातात कुसासारखी शिरते. दोन टोकांना कारखान्यातच दाबून केलेले डोळे असावेत आणि जोडायला डी-शॅकल, म्हणजे पिनेनं बंद होणारी डी आकाराची कडी. उघड्या तोंडाचा हूक ढिला पडला की निसटतो.

वायरीच्या मधोमध ओलं पोतं किंवा जुनी गोधडी टाकून ठेवा. तुटलीच तर पोत्याच्या वजनानं ती खाली दबते. दोर ताणलेला असताना त्याला ओलांडायचं नाही, वाकूनसुद्धा नाही.

वर चढून बांधावा लागेल ना?

वठलेल्या झाडावर चढायचं नाही. शिडीही टेकवायची नाही. सुतळीच्या टोकाला वाळूची लहान पिशवी बांधून बेचक्यातून पलीकडं फेकायची, मग सुतळीनं जाड दोर ओढून घ्यायचा आणि खालून फास करून वर घट्ट बसवायचा. चारपाच फेकी वाया जातात. पोरांना हे काम फार आवडतं, पण त्यांना झाडाखाली येऊ देऊ नका. लांब बांबूला आकडी लावूनही दोर अडकवता येतो.

हिरव्या झाडाला दोन तृतीयांश उंचीवर बांधतात. वठलेल्याला मी निम्म्याच्या थोडं वर, जिथं खोड अजून भरीव आहे तिथं बांधतो. फार वर बांधलं तर नुसता शेंडा तुटून येतो आणि बाकी झाड आता कुणाच्याच दोरात नसलेलं, अर्धं कापलेलं उभं राहतं.

ट्रॅक्टरला दोर कुठं अडकवायचा?

ड्रॉबारला, म्हणजे ट्रॉली जोडायच्या पट्टीला, मागच्या धुरीच्या (ॲक्सलच्या) मध्याच्या खाली. दुसरीकडं कुठंही नाही. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, ब्रॅकेटला नाही, सीटच्या मागच्या लोखंडाला नाही, धुरीला गुंडाळून नाही. थ्री-पॉइंटच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या, हातांनाही नाही.

कारण असं. चाकांना माती धरून ठेवते, मागून झाड धरून ठेवतं, आणि इंजिन तरी फिरतंच. चाक फिरेना, मग धुरीभोवती ट्रॅक्टरच फिरायला लागतो. दोर धुरीच्या खाली असेल तर पुढचं तोंड उचलायला लागल्यावर ओढ त्याला खाली दाबते. धुरीच्या वर असेल तर तीच ओढ त्याला मागं पाडते. पुढची चाकं उचलल्यापासून परत न येण्याच्या टोकापर्यंत पोचायला पाऊण सेकंद लागतो. क्लच दाबायचं डोक्यात येईपर्यंत तो गेलेला असतो.

माझ्या दोन चुकांपैकी पहिली हीच. ड्रॉबारला ट्रॉलीची पिन गंजून बसली होती, ती काढायचा कंटाळा केला आणि शॅकल टॉप लिंकच्या भोकात घातली. पहिल्या गिअरला क्लच सोडला तर समोरचं बॉनेट वर यायला लागलं. आधी समोरचा ऊस दिसेनासा झाला, मग नुसतं आभाळ. इंजिन बंद पडलं म्हणून मी हे लिहितोय. चाकं धप्पकन खाली आली, सायलेन्सरच्या टोपणाचा टणटण आवाज बराच वेळ येत राहिला, आणि चुलतभाऊ लांबून विचारत होता, "काय झालं, बंद का केलास?"

पुढं वजनं लावा, रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर तो उभा ठेवा आणि पट्टा बांधा. रोल बार नसेल तर पट्टा बांधू नका.

कापायचंच कशाला? नुसतं ओढून पाडलं तर?

मांडीएवढ्या जाडीचं, मुळं कुजलेलं झाड येतं असं. त्याहून मोठं असेल तर दोनच गोष्टी होतात. खोड मधेच मोडून वरचा भाग कुठंही पडतो, किंवा काहीच होत नाही आणि चालवणारा हिसके द्यायला लागतो. हिशेब बिघडतो तो हिसक्यानं. संथ ओढीला टनभर ताण असेल तर ढिल्या दोराला पळत्या ट्रॅक्टरचा हिसका त्याच्या कितीतरी पट होतो.

काप कसा घ्यायचा?

करवत हातात धरून शिकायची गोष्ट आहे ही, वाचून येत नाही. तरी ढोबळ सांगतो. कलाच्या बाजूला आधी खाच, म्हणजे तोंड: खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढं खोल. मग मागचा काप, खाचेच्या टोकापेक्षा दोनतीन बोटं वर. मधे जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी ठेवतात. वठलेल्या झाडाला मी त्याहून जाड ठेवतो, कारण ती शेवटी ट्रॅक्टर मोडणार असतो.

पुढं कललेल्या झाडाचा खास धोका म्हणजे खोड उभं चिरणं. मागचा काप अर्ध्यात असतानाच ताण सहन न होऊन खोड वरपर्यंत फाटतं आणि मागचा अर्धा भाग लाथेसारखा वर उसळतो. कापणाऱ्याची छाती तिथंच असते. म्हणून तीन गोष्टी: कापाच्या वरच्या अंगाला बुंध्याभोवती साखळीचे दोनतीन घट्ट वेढे, कापताना दोर ताणायचा नाही, नुसता झोळ काढून ठेवायचा, आणि खोड फूटभरापेक्षा जाड असेल तर करवत मधून खुपसून काप घेणारा जाणकारच बोलवायचा.

पळायची वाट आधी साफ करा. पडण्याच्या उलट दिशेला सरळ मागं नाही, तिरकं मागं, दोन्ही बाजूंना. उसाचं पाचट, दगड, ठिबकची नळी, सगळं उचलून ठेवा. बहुतेक माणसं पळताना अडखळूनच पडतात.

चालवणाऱ्यानं नेमकं काय करायचं?

सगळ्यात खालचा गिअर, कमी रेस, क्लच हळू. दोर ताणला की थांबायचं, खुणेची वाट बघायची. खूण एकच माणूस देणार, हातानं, आणि तो बाजूला उभा राहून झाड बघणार, मोबाईल नाही. करवतवाला लांब गेल्याशिवाय खूण नाही. मग संथ ओढ. चाकं जागेवर फिरली की थांबा, डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) दाबून माती उकरत बसू नका. झाड हललं की ओढ तशीच संथ चालू ठेवा. ते खाली आल्यावर क्लच दाबा आणि दोन मिनिटं कुणीही जवळ जायचं नाही. शेजारच्या झाडात अडकलेल्या फांद्या उशिरा पडतात.

कमीत कमी तीन माणसं. पाणंद जवळ असेल तर दोन्ही टोकांना आणखी एकेक. वेळ सकाळची, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचा वारा कधी सुटेल सांगता येत नाही. १०८ ची गाडी शेतापर्यंत कशी येईल हे आधी ठरवून ठेवा. "ओढ्याच्या पलीकडं" एवढ्या पत्त्यावर ती पोचत नाही.

पडताना दुसऱ्या झाडात अडकलं. आता?

त्याच्याखाली जायचं नाही. ज्या झाडानं धरलंय ते कापायचं नाही. आजवर ऐकलेल्या वाईट हकीकतींपैकी निम्म्या इथल्याच आहेत. दोर बुंध्याच्या टोकाला बांधून, पूर्ण लांबीवरून, बुंधा मागं म्हणजे आधाराच्या झाडापासून लांब ओढायचा. हळूहळू शेंडा निसटतो. संध्याकाळ झाली तर तसंच सोडा, भोवती दोरी बांधा, गुराख्यांना सांगा.

वादळानं मुळासकट उलथलेलं झाड अर्धवट टेकलंय. त्याला काय वेगळं?

खूप वेगळं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागात आंबे, नारळ, सुपाऱ्या अशाच उलथल्या होत्या. मुळांची मातीसकट ताटी उभी राहिलेली असते आणि खोडाच्या वजनानं ती तशी धरलेली असते. खोड कापलं की ताटी एकदम परत खड्ड्यात बसते. त्या खड्ड्यात पोरं खेळत असतात, शेळी बसलेली असते. आधी खड्डा बघा, मग ताटीला दोर लावून ट्रॅक्टरनं धरून ठेवा, आणि खोड बुंध्यापासून तीनचार फूट सोडून कापा. खोड दोन्ही टोकांना टेकलंय की एकाच, हेही बघा. दाबाच्या बाजूनं करवत घातली तर ती चिमटून बसते.

जवळून विजेच्या तारा गेल्यात.

झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तार असेल तर काम थांबवा. महावितरणला १९१२ वर कळवा, लाईन बंद करून घ्या, आणि बंद झाल्याचं वायरमननं तिथं येऊन सांगितल्यावरच सुरू करा. "भारनियमनाची वेळ आहे" हा पुरावा नाही. तार पडून ट्रॅक्टरला लागली तर चालवणाऱ्यानं वरच बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब व्हायचं.

मोहोळ आहे झाडावर.

आग्यामोहोळ असेल तर त्या दिवशी घरी जा. ढोलीत साप, घोरपड, पिल्लं असतील तर तेही आधी बघा.

बुडखा पण ट्रॅक्टरनं उपटून काढू का?

नको. झाड पाडताना निदान झाड हलतं. बुडखा हलत नाही, आणि धुरीभोवती ट्रॅक्टर फिरण्याची जी गोष्ट वर सांगितली ती बुडखा ओढतानाच जास्त घडते. जेसीबी तासाभरात काढतो, किंवा जमिनीलगत कापून वाळवीवर सोडून द्या. आमच्या विहिरीजवळचा मी गुडघ्याएवढा उंच ठेवलाय. आई त्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा तोडते.